भातकापणीला कम्बाइन हार्वेस्टर आणताय? आधी बांधावरून खाली उतरा

पहिल्या वर्षी मी छत्री धरून बांधावर उभा होतो. मशीन आलं, ४,००० चौरस मीटरचं शेत दीड तासात मोकळं झालं, पोती भरली, पैसे मोजून दिले, ड्रायव्हरला चहा पाजला. हेच काम विळ्याने करायचं तर कापणी, भारे, मळणी, वारा देणं मिळून आमचा आठवडा जायचा. मी खूश. मधे एक सर येऊन गेली. दिवाळीच्या तोंडावर शेतात गेलो तर मशीन जिथून जिथून गेलं होतं तिथे हिरवेगार पट्टे उठलेले, फणीने भांग पाडावा तसे सरळ. आई मेरेवर, म्हणजे शेताच्या छोट्या बांधावर, उभी राहून म्हणाली, "बघ, ड्रायव्हर जाता जाता तुझं वायंगणही पेरून गेला. तेही फुकट."

वायंगण म्हणजे आमचं उन्हाळी भात, आणि ते पट्टे म्हणजे पेंढ्याबरोबर मागून सांडलेलं माझं भात. पुढच्या हंगामापासून मी चपला काढून मशीनच्या मागे चालू लागलो आणि सांडलेले दाणे मोजायला शिकलो. कम्बाइन पहिल्यांदाच भाड्याने आणणाऱ्यांसाठी, आणि आणून हळहळलेल्यांसाठीही, हे लिहितोय. माझं शेत गोव्यात, फोंडा तालुक्यात, जुवारी नदीच्या काठच्या खाजनात, म्हणजे भरतीचं खारं पाणी बांध घालून अडवलेल्या सखल शेतात आहे. त्यामुळे चिखल आणि पाणी यांवर जरा जास्तच बोलणार. मोरड आणि खेर, म्हणजे खाजनाहून उंचावरच्या जमिनीवाल्यांनी तिसरा टप्पा भरभर वाचला तरी चालेल.

## १. आधी जमवून ठेवायच्या गोष्टी

सामान:

- एक फूट बाय एक फूट चौकट. मी बांबूच्या चार कामट्या सुतळीने बांधून केली आहे. वायर वाकवूनही होते.
- मोजपट्टी आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच
- धान्याचा ओलावा मोजायचं यंत्र. विकत घ्यायलाच हवं असं नाही. गटात एक असलं की पुरतं.
- दोन विळे, एक झाडू, लाल फडकी बांधलेल्या सात-आठ काठ्या
- ताडपत्र्या, तुम्हाला वाटतात त्याच्या दुप्पट
- कोरडी पोती आणि सुतळी

कागद: कृषी कार्ड, जमिनीचा एक-चवदाचा उतारा (सात-बारासारखा), आधार, बँकेचं पासबुक आणि कापणीनंतर मिळणारं भाड्याचं बिल. यंत्राच्या भाड्यावर मदत मिळणारी योजना त्या हंगामाला चालू आहे का आणि अर्ज कापणीआधी करायचा की नंतर, हे विभागीय कृषी कार्यालयात ऑगस्टमध्येच विचारून या. कृषी कार्ड नसेल तर आधी ते काढा, कारण पुढची सगळी दारं तिथूनच उघडतात. बिलावर तारीख, शेतकऱ्याचं नाव, गाव आणि तास लिहून घ्या. नुसता आकडा आणि सही असलेली चिठ्ठी घेऊन मी खिडकीवरून एकदा परत आलो आहे, तोवर मशीन राज्याबाहेर गेलं होतं.

## २. मशीन ठरवताना

शरदाच्या पिकाला, म्हणजे ऑक्टोबरच्या कापणीला, चेनवालंच मशीन सांगा. रबरी चेनीवर वजन पसरतं, टायरवालं रुततं. वायंगणाला मार्च-एप्रिलमध्ये जमीन कडक असते, तेव्हा टायरवालंही चालतं. ठरवताना "हार्वेस्टर आहे ना?" एवढंच विचारलंत तर जे रिकामं असेल ते येईल.

आपल्याकडे कुणगे (शेताचे तुकडे) लहान, मेरा जास्त. मशीनचा निम्मा वेळ वळण्यात जातो. साधा हिशेब करा: दोन मीटर रुंदीची कापणी, ताशी तीन किलोमीटर वेग, म्हणजे कागदावर ताशी ६,००० चौरस मीटर. वळणं, टाकी रिकामी करणं, मेर ओलांडणं धरलं की हातात ३,००० ते ३,५०० पडतात. एजंट कागदावरचा आकडा सांगतो. तुम्ही दुसरा धरून चला आणि तेवढ्याच तासांचे पैसे बाजूला ठेवा.

भाडं तासावर असतं, आणि भांडणंही तासावरूनच होतात. तास कुठून सुरू? लॉरीवरून मशीन उतरलं तिथून, की पातं भाताला लागलं तिथून? चिखलात रुतलं तर तो वेळ कुणाचा? डिझेल कुणाचं? हे आदल्या दिवशी, चार जणांसमोर बोलून घ्या. मशीनवर तास दाखवणारं मीटर असतं. सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा मोबाइलवर फोटो काढून ठेवला की आवाज चढत नाहीत.

एकट्याने मशीन आणू नका. पाच-सहा शेजारी मिळून आणा. इथे एक गोष्ट मला फार उशिरा कळली: मशीन रस्त्याकडून आत शिरतं, त्यामुळे रस्त्याजवळचं शेत सगळ्यात आधी पिकायला हवं. आमच्या रांगेत पहिलं शेत उशिराच्या वाणाचं होतं. मागच्या तिघांचं भात झडायला आलं तरी मशीनला वाट मिळेना, कारण पुढच्याचं हिरवं. आता आम्ही रोवणीआधीच बसून कुणी कुठला वाण लावायचा ते ठरवतो. कम्बाइनची कापणी खरं म्हणजे जूनमध्येच सुरू होते.

## ३. पाणी काढणं

कापणीआधी सात ते दहा दिवस शेतातलं पाणी पूर्ण काढायचं. चिकण मातीत पंधरा दिवसही लागतात. खाजनात हे आपल्या एकट्याच्या हातात नसतं. मानस (बांधातलं पाणी सोडायचं दार) उघडतो-मिटतो तो सगळ्या खाजनासाठी, तेव्हा कूळ संघात, म्हणजे खाजनाच्या शेतकऱ्यांच्या संघात, आधी बोला. शेजाऱ्याचं भात अजून दुधात असेल आणि तुम्ही पाणी सोडायला सांगितलंत तर वाईटपणा येतो.

तारीख ठरवताना तिथी बघा. यात शुभ-अशुभ काही नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती असते. बांध कितीही धड असला तरी अशा वेळी पाझर वाढतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी कमी चढतं. आमची शरदाची कापणी कोजागरी आणि दिवाळी यांच्या मधे येते, म्हणजे दोन उधाणांच्या मधोमध जो आठवडा मिळतो तो आमचा. सुकती (ओहोटी) लागली की मानस उघडा, भरती फिरायच्या आधी मिटा, असं आठ-दहा दिवस नेमाने झालं पाहिजे. एक दिवस विसरलात तर खारं पाणी आत येतं आणि ते काढायला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

शेतात आतल्या बाजूने कडेकडेने वीतभर खोल चर मारा. पाणी मधे साचतं असं वाटतं, पण खरी दलदल मेरेच्या मुळाशी असते आणि मशीन वळतं नेमकं तिथेच.

जमीन मशीन पेलेल का, हे टाचेने बघा. अनवाणी चाला आणि सगळं वजन एका टाचेवर टाका. ठसा उमटला, कडा टिकल्या, तर आणा मशीन. टाच घोट्यापर्यंत गेली आणि काढताना "चप्प" आवाज आला, तर फोन करून दोन दिवस पुढे ढकला. रुतलेलं मशीन काढायला दुसरं मशीन लागतं आणि दोघांचंही मीटर चालू राहतं.

## ४. भात तयार आहे का

कणसातले शंभरातले ८० ते ८५ दाणे पिवळे दिसले आणि बुडाकडचे थोडे हिरवट असले की वेळ झाली. फुलोऱ्यानंतर साधारण महिना. ओलावामापकावर २० ते २४ टक्के दिसला पाहिजे.

"अजून चार दिवस वाळू दे, पोती हलकी होतील" हा मोह आवरा. विळ्याच्या कापणीत दाणा झडला तर थोडा झडतो. मशीनचं रील, म्हणजे रोपं पात्याकडे ओढणारं पुढचं फिरतं चक्र, कणसाला थापट्या मारतं, अति पिकलेलं भात तिथेच जमिनीवर सांडतं. शिवाय दिवसा तापलेला, रात्री दवात भिजलेला दाणा आतून तडकतो आणि गिरणीत कणी होऊन बाहेर येतो. वायंगणाला हा धोका जास्त, कारण तेव्हा ऊन कडक असतं.

उलट ओलावा २५-२६च्या वर असेल तर दाणा मऊ असतो, मळणीच्या ड्रममध्ये चेपतो, आणि ओला पेंढा गुंडाळी करून बसतो.

सकाळी सातला मशीन बोलावून काही उपयोग नाही. दव सुकायला ऑक्टोबरात साडेनऊ-दहा वाजतात. मूठभर पेंढा पिळून बघा. हाताला ओल लागली तर ड्रायव्हरला आणखी एक चहा द्या. दुपारी तीन-चारनंतर परतीच्या पावसाचा गडगडाट असतोच, म्हणजे खरं काम पाच तासांचं. बुकिंग करताना दिवस नव्हे, हे पाच तास मोजा.

## ५. मशीन शिरायच्या आधी

आदल्या संध्याकाळी शेतात आडवे-उभे फिरा. आपल्याकडे मेरेवर माड असतात आणि पिकलेल्या भातात पडलेलं चुडत (माडाची झावळी) दिसत नाही. पात्यात चुडत अडकलं की दाते वाकतात. खांबाचा दगड, जुना पाइप, कुंपणाची तार, खेकड्यांनी पोखरलेली मेर, सगळीकडे लाल फडक्याची काठी रोवा. वर वीजतारा किती खाली आल्या आहेत तेही बघा.

चारही कोपरे विळ्याने कापून घ्या, तीन-चार पावलांचे. मशीन कोपऱ्यात पुढे-मागे करत बसतं आणि त्यात भातही तुडवलं जातं. हे कोपऱ्यातलं हाताने कापलेलं भात आमच्याकडे दिवाळीच्या पोह्यांना जातं. कारण काही शास्त्रीय नाही, घरी तसंच पाहिजे असतं.

मशीन आधी कुणाच्या शेतात होतं ते विचारा. ज्योती वाणाचा दाणा तांबडा, जया वाणाचा पांढरा. आधीच्या शेतातलं जया टाकीच्या तळाला आणि दाणा वर नेणाऱ्या एलेव्हेटरमध्ये उरलं असेल तर तुमच्या ज्योतीत मिसळतं. खायला हरकत नाही, पण बियाण्याचं भात असेल तर मिसळलेलं पोतं बियाणं म्हणून बाद. तणाच्या बिया येतात त्या वेगळ्याच. म्हणून तळाची झाकणं उघडायला लावा, मशीन दोन मिनिटं रिकामं चालवायला सांगा, बंद केल्यावर झाडूने साफ करा. बियाण्यासाठी पहिलं पोतंभर भात बाजूला काढून त्यानंतरचंच धरा.

इंजिन चालू असताना पात्यात किंवा ड्रमच्या झाकणात हात घालू नका, कुणाला घालू देऊ नका. ड्रायव्हर घालतो म्हणून तर अजिबात नाही.

## ६. पहिले वीस मीटर

आता मुद्द्याचं. मशीन आधीच्या गावात, आधीच्या पिकाला लावून आलेलं असतं. तुमच्या भाताला ते लावून घ्यायचं काम तुमचं. ड्रायव्हर वाईट नसतात. तासावर चाललेल्या मशीनला थांबवायला कुणी सांगत नाही, म्हणून ते थांबत नाहीत, इतकंच. आमच्याकडे येणारे बहुतेक तमिळ बोलतात. "अण्णा, पहले थोडा काटो, फिर रुको, देखेंगे" एवढ्या मोडक्या हिंदीवर माझं काम भागतं.

वीस मीटर कापायला लावा. त्यात चार गोष्टी बघा.

वेग. दहा मीटरवर दोन काठ्या रोवा. बारा सेकंद लागले तर ताशी तीन किलोमीटर. सुरुवातीला याहून जास्त नको. भात दाट असेल तर पंधरा सेकंद लागू द्या.

इंजिनचा जोर. ही सगळ्यात मोठी फसगत. मशीन हळू चालव म्हटलं की काही ड्रायव्हर अ‍ॅक्सिलरेटर कमी करतात, डिझेलही वाचतं. पण ड्रम, पंखा, चाळण्या सगळे त्याच इंजिनवर फिरतात. जोर कमी झाला की मळणी अर्धवट, पंख्याचा वारा ढिला, चाळणी तुंबलेली. इंजिन पूर्ण ठरल्या फेऱ्यांवरच ठेवायचं आणि चाल कमी करायची ती गिअरने किंवा चालीच्या दांडीने. नुसतं ऐकूनही कळतं: आवाज एकसारखा पाहिजे. भात आत शिरताना "घुर्रर्र" करून दबत असेल तर घास मोठा होतोय.

रील. रीलची टोकं मशीनच्या चालीपेक्षा थोडी जास्त वेगाने फिरावीत, सव्वापटीपर्यंत. डोळ्याने ओळखायचं ते असं: रोप हळूच मागे कलून पात्यावर निजलं पाहिजे. रील रोपाला पुढे ढकलत असेल तर ते हळू आहे किंवा फार वर आहे. कणसं वर उडत असतील आणि पत्र्यावर दाण्यांचा तडतड आवाज येत असेल तर फार जोरात आहे.

टाकीतला मूठभर दाणा. तळहातावर घेऊन फुंकर मारा. साल निघालेले पांढरे दाणे, तुटके दाणे दिसले तर ड्रम फार जोरात आहे किंवा ड्रम आणि खालच्या जाळीतलं अंतर फार कमी. पोल (न भरलेले दाणे) आणि पेंढ्याचे तुकडे जास्त असतील तर पंखा वाढवायचा. अगदी स्वच्छ, घासल्यासारखा दाणा दिसला तरी मी आता खूश होत नाही. पंखा इतका जोरात असेल की पोलाबरोबर भरलेले दाणेही मागे उडताहेत, अशी शंका घेतो.

## ७. दाणे मोजा

या एका कामासाठी मी हा सगळा लेख लिहिला आहे.

ओळीच्या मध्यावर मशीन थांबवा. आतलं सगळं बाहेर पडू द्या, दीड-दोन मिनिटं. मग मशीनला स्वतःच्या लांबीइतकं मागे घ्यायला सांगा आणि इंजिन बंद. आता तीन ठिकाणी चौकट टाकायची, प्रत्येक ठिकाणी तीन-तीनदा, आणि सरासरी धरायची.

पहिली जागा: पुढचं उभं भात. तिथे जमिनीवर आधीच पडलेले दाणे मशीनच्या नावावर धरायचे नाहीत.

दुसरी जागा: मशीन मागे गेल्यामुळे पात्यासमोर उघडी पडलेली पट्टी. इथे कापणी झाली आहे पण मागचा पेंढा अजून पडलेला नाही. इथल्या दाण्यांतून पहिल्या जागेचे वजा केले की पातं आणि रील यांनी सांडलेलं कळतं.

तिसरी जागा: मशीनच्या मागचा पेंढ्याचा पट्टा. पेंढा उचलून नीट झटका, खालचे दाणे मोजा, कणसाला चिकटून राहिलेलेही धरा. यातून दुसऱ्या जागेचे वजा केले की मळणी आणि चाळणीचं नुकसान. पण हा पट्टा अरुंद असतो. मशीन दोन मीटर कापतं आणि पेंढा एक मीटरात टाकतं, म्हणजे आलेला आकडा निम्मा करायचा. पेंढा पसरवणारं मशीन असेल तर निम्मा करू नका.

आता वजन. हजार दाण्यांचं वजन ढोबळमानाने २५ ग्रॅम धरा. चौकटीत १५ दाणे म्हणजे १,००० चौरस मीटरला ४ किलो. एवढं एक पाठ करा, बाकी त्रैराशिक.

माझ्या वहीतलं दुसऱ्या वर्षाचं पान सांगतो. उभ्या भातात ४. पात्यासमोर १०, म्हणजे पात्याचे ६. मागच्या पट्ट्यात १००, वजा १० म्हणजे ९०, निम्मे ४५. एकूण ५१ दाणे. १,००० चौरस मीटरला साडेतेरा किलोच्या वर, माझ्या ४,०००ला ५४ किलो. एक भरलेलं पोतं! चाल कमी केली, पंखा थोडा उतरवला, पुन्हा मोजलं: मागच्या पट्ट्यात ४०. हिशेब ६ अधिक १५, म्हणजे २१. नुकसान १,००० चौरस मीटरला साडेपाच किलोवर आलं. या सगळ्याला वीस मिनिटं लागली आणि तासाच्या भाड्यातली ती वीस मिनिटं मी आनंदाने दिली.

१,००० चौरस मीटरला ४०० किलो भात येत असेल तर चौकटीतले १५ दाणे म्हणजे एक टक्का. एकूण तीन टक्क्यांच्या आत राहिलात तर ठीक. दीडवर आणलंत तर पुढे छळू नका, ड्रायव्हरला जाऊ द्या.

## ८. कुठे सांडतंय त्यावरून काय बदलायचं

एका वेळी एकच गोष्ट बदला, दहा मीटर कापा, मोजा. मी एकदा पंखा, चाळणी आणि ड्रम तिन्ही एकदम फिरवले. सुधारलं खरं, पण कशामुळे ते आजतागायत कळलेलं नाही.

- पात्यासमोर दाणे जास्त: रील हळू करा, थोडं खाली घ्या. पात्याचे दाते बोथट आहेत का बघा. बोथट पातं रोप हिसकतं आणि कणीस झडतं. भात फार वाळलं असेल तर दुपारऐवजी सकाळी दव सुकताच कापा.
- मागे कणसाला चिकटलेले दाणे: मळणी अपुरी. ड्रम थोडा वाढवा किंवा जाळीतलं अंतर कमी करा. आधी इंजिनचा जोर तपासा, अर्ध्या वेळा दोष तिथेच असतो.
- मागे सुटे, भरलेले दाणे: चाल कमी करा. मग पंखा कमी, मग वरची चाळणी थोडी उघडा. चाळणी तुंबली आहे का बघा. दवातल्या पेंढ्याचा लगदा बसतो.
- टाकीत सोललेले, तुटके दाणे: ड्रम कमी करा. बियाण्याच्या भाताला तर नेहमीपेक्षा कमीच ठेवा, तडकलेला दाणा उगवत नाही.

ड्रमच्या फेऱ्यांचा एक आकडा सगळ्या मशीनला चालत नाही, कारण ड्रमचा व्यास वेगळा असतो. मशीनच्या पुस्तिकेत भातासाठी दिलेल्या पट्ट्यातला खालचा आकडा घेऊन सुरू करा आणि गरज पडली तरच वाढवा. उकड्या तांदळासाठी भात जाणार असेल तर थोडी तडक चालून जाते, कारण उकडताना चीर सांधली जाते. सुरय, म्हणजे न उकडलेल्या, तांदळाला ती माफी नाही.

## ९. आडवं पडलेलं भात

कोरगुटासारखं उंच भात असेल, किंवा परतीच्या पावसाने लोळवलं असेल, तर वरचे नियम थोडे बदलतात. भात ज्या दिशेला पडलं आहे त्याच्या समोरून किंवा तिरकं कापत जा, म्हणजे रीलला कणीस उचलायला मिळतं. पडलेल्या दिशेनेच गेलात तर पातं वरून सरकतं आणि कणसं खाली तशीच राहतात. रील पुढे आणि खाली घ्या, त्याची बोटं मागे कललेली ठेवा, फेऱ्या दीडपटीपर्यंत जाऊ द्या. चाल निम्मी. एकाच बाजूने कापायचं म्हणजे रिकामं परत यावं लागतं, वेळ जास्त जातो. ड्रायव्हर कंटाळतो, पण हा वेळ द्या.

पातं फार खाली नेऊ नका. चिखल आत गेला की दाण्याबरोबर खडे येतात आणि गिरणीवाला तुमचं नाव लक्षात ठेवतो.

## १०. पोत्यातलं भात रात्रभर ठेवू नका

विळ्याने कापलेलं भात शेतातच दोन दिवस सुकायचं. मशीनचं भात ओलं थेट पोत्यात येतं. संध्याकाळी पोत्यात हात घालून बघा, कोमट लागेल. सकाळपर्यंत आंबूस वास येतो आणि तांदूळ पिवळट पडतो. चोवीस तासांच्या आत पसरायलाच हवं. तीन-चार बोटं जाडीचा थर, तासाभराने पायाने किंवा दाताळ्याने परतायचा, ओलावा १४ टक्क्यांवर येईपर्यंत. बियाणं १२वर. ढग आले तर थर गोळा करून झाका, पण ऊन पडताच पुन्हा उघडा.

वजन घटेल, दचकू नका. २४ टक्के ओलाव्याचं १०० किलो भात १४ टक्क्यांवर आलं की ८८ किलो उरतं. आमच्या शेजारच्या काकांनी यावरून घरच्या माणसांवर चोरीचा संशय घेतला होता.

## ११. मशीन गेल्यावर

पेंढा लगेच हलवा. मशीनचा पेंढा कुस्करलेला असतो, त्याची उडवी नीट रचत नाही. गुरांना हवा असेल तर त्याच दिवशी उन्हात पसरून दुसऱ्या दिवशी बांधा. नको असेल तर पट्टा मोडून शेतभर सारखा पसरा, कारण पट्ट्याखाली ओल कोंडते आणि मागे अळसांदे (चवळी) लावायचे असतील तर तिथे बी कुजतं.

चेन वळली तिथे खड्डे पडलेले असतात आणि मशीन जाण्यासाठी फोडलेल्या मेरा उघड्या असतात. हे काम त्याच आठवड्यात उरका. पाऊस थांबला की खाजनाची माती विटेसारखी होते, मग कुदळ मारली तर उसळून हातालाच झिणझिण्या येतात.